चार फुटांची रेघ

सकाळचे सहा वाजले आहेत. सांगलीच्या या मैदानावर आठ-दहा मुली आल्या आहेत. दोघींनी दोरी ताणून धरली आहे आणि तिसरी, हातात फक्कीचा डबा घेऊन, यष्ट्यांच्या (स्टंप्सच्या) ओळीपासून चार फूट पुढे, म्हणजे १.२२ मीटरवर, वाकून पांढरी रेघ ओढते आहे. या रेघेला पॉपिंग क्रीज म्हणतात. नवख्याच्या हातात आपण आधी बॅट देतो. आमच्या मते त्याला आधी ही रेघ आखायला लावावी, कारण क्रिकेटचे निम्मे नियम तिच्यापाशी उभे आहेत.

अकरा-अकरा जणींचे दोन संघ, नाणेफेक, सहा चेंडूंचे एक षटक आणि ज्यांच्या धावा अधिक त्यांचा विजय, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आता फलंदाजी करणाऱ्या दोघींचे पाय पाहा. खेळपट्टी २२ यार्डांची असली, तरी दोन्ही बाजूंचे चार-चार फूट वजा जाता धाव पूर्ण करण्यासाठी ५८ फूटच पार करावे लागतात. दोघींनी एकमेकींची जागा घेतली आणि बॅट किंवा शरीराचा काही भाग रेघेच्या आत जमिनीला टेकला, की एक धाव मिळते. बॅट नेमकी फक्कीवर टेकली तर? ती बाहेरच धरली जाते, कारण क्रीज म्हणजे त्या पट्ट्याची यष्ट्यांकडची कड. क्षेत्ररक्षकाने त्याआधी चेंडूने यष्टी उडवली, तर त्या टोकाची फलंदाज धावबाद. मात्र धावत किंवा झेपावत आत टेकलेली बॅट पुढच्याच क्षणी उसळून हवेत गेली, तरी फलंदाज सुरक्षित राहते. ही सवलत २०१७ च्या नियमावलीने दिली.

आता हीच रेघ गोलंदाजाच्या बाजूने पाहू. चेंडू टाकताना पुढचे पाऊल पडते, तेव्हा त्याचा काही भाग रेघेच्या आत असावा लागतो. टाच हवेत असली तरी चालते, पण ती आत हवी. पाऊल पूर्ण रेघेपुढे पडले, तर तो चेंडू अवैध ठरतो. हा नो बॉल. फलंदाजी करणाऱ्या संघाला एक धाव मिळते, चेंडू पुन्हा टाकावा लागतो आणि त्या चेंडूवर त्रिफळा उडाला तरी फलंदाज बाद होत नाही.

फलंदाज पुढे सरसावली, चेंडू हुकला आणि ती परतण्यापूर्वी यष्टिरक्षकाने बेल्स, म्हणजे यष्ट्यांवरच्या आडव्या छोट्या दांड्या, उडवल्या, तर ती यष्टिचीत होते. या नियमाशी सांगलीचे जुने नाते आहे. इथे १९१५ मध्ये जन्मलेले विजय हजारे १९५२ साली भारताचे कर्णधार होते आणि मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यात विनू मंकड यांच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक प्रबीर सेन यांनी पाच वेळा फलंदाजाला यष्टिचीत केले. पाचही वेळा फलंदाज याच रेघेबाहेर सापडला होता.

गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या फलंदाजालाही हीच मर्यादा आहे. गोलंदाजाने चेंडू सोडण्याआधी ती रेघ ओलांडून पुढे सरकली, तर गोलंदाज तिला धावबाद करू शकते. पूर्वी हा नियम अयोग्य खेळाच्या कलमात होता. २०२२ पासून तो धावबादच्या कलमात आहे आणि तीच त्याची योग्य जागा आहे. चेंडू सुटेपर्यंत आत थांबायची सवय या मुलींना पहिल्या दिवसापासून लावली जाते.

झेल, त्रिफळा, पायचीत हेही बाद होण्याचे प्रकार आहेतच. पायचीतचा निर्णय देताना पंच चेंडूचा टप्पा, पायाला लागण्याची जागा आणि यष्ट्यांकडे जाणारी दिशा पाहतात.

सांगलीतच लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वविजेत्या भारतीय संघात होती. त्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची ५१ धावांची सलामी तुटली, ती अमनजोत कौरच्या थेट फेकीने. ताझमिन ब्रिट्स रेघेच्या आत पोहोचू शकली नाही.

साडेसात वाजता मुलींना मैदान सोडावे लागते. पुढचा गट आत येतो, त्यांच्या बुटांखाली फक्की विखुरते आणि दोरी गुंडाळून पिशवीत जाते.