भीष्म उडायला लागले तेव्हा

दृश्य – वैनगंगेकाठचं गाव. धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरा पडदा ताणला जातोय.

निवेदन –
महाभारतातले भीष्म पितामह एका वर्षी अचानक उडायला लागले. पूर्व विदर्भातल्या वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या या पट्ट्यात ‘शक्तिमान’ मालिकेचा विषय काढला की वयस्क माणसं आधी हेच सांगतात. पोरांसाठी तो शक्तिमान, आजीसाठी मात्र भीष्मच. मुकेश खन्नांनी पांढरी दाढी उतरवली, छातीवर सोनेरी चक्र असलेला तांबडा पोशाख चढवला, तरी आजीचे हात जोडलेलेच. बरं, समोर खलनायक कोण? तमराज किल्विष, म्हणजे सुरेंद्र पाल, म्हणजे त्याच महाभारतातले द्रोणाचार्य! कुरुक्षेत्रावर एका बाजूनं लढलेले दोघे इथं एकमेकांच्या जिवावर उठलेले. “हे दोघंबी कौरवाकडचेच ना जी? मंग आता भांडतेत कायले?” हा प्रश्न इथं अजूनही विचारला जातो, आणि आमच्याकडे त्याला उत्तर नाही.

दृश्य – जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, लाकडी शटरचा. छपरावर बांबूला बांधलेला अँटिना.

निवेदन –
१३ सप्टेंबर १९९७ला दूरदर्शनवर पहिला भाग आला आणि २००५पर्यंत मालिका चालली. दिग्दर्शक दिनकर जानी. ज्यांच्या आठवणी आम्ही टिपल्या, त्यांच्या डोक्यात ती पक्की बसली आहे रविवारच्या दुपारची मालिका म्हणून. टीव्ही गावात मोजक्याच घरी. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या आईचा रविवारी वट असायचा. आधी दोन बादल्या पाणी आणा, चपला बाहेर काढा, मग बसा. एक पोरगा छपरावर अँटिना फिरवायचा आणि खालून ओरडा चालायचा, “आली, आली... गेली बे, मुंग्या आल्या!” त्या पोराच्या वाट्याला शक्तिमानचा फक्त आवाज यायचा.

मधेच लाइट जायची. ‘अंधेरा कायम रहे’ ही किल्विषची घोषणा देशभर गाजली, पण या भागात तिची गंमत जरा कडवट होती. औष्णिक वीज केंद्र चंद्रपूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात किंवा शेजारच्या. कोळसा इथला, राख इथली, आणि भारनियमनही इथलंच. किल्विषला एवढी मेहनत घ्यायची काय गरज होती, कोण जाणे.

दृश्य – संध्याकाळ. पडद्यावर पहिला भाग सुरू. समोर सतरंज्या, खुर्च्या, पोरं, म्हातारे.

निवेदन –
आता तेच भाग मोठ्या पडद्यावर पाहताना सगळं उघडं पडतं. शक्तिमान उडतो तेव्हा त्याच्याभोवती चिकटवलेल्या चित्रासारखी कड दिसते. मागचं आकाश एकीकडे सरकतं, तो दुसरीकडे. किल्विषच्या अड्ड्यावर धूर आहे, लाल दिवे आहेत आणि शिंगंबिंगं लावलेली दुष्ट मंडळी आहेत. ललित परिमूंचा दुष्ट शास्त्रज्ञ डॉक्टर जैकाल “पॉवर!” म्हणून असा किंचाळतो की मागच्या खुर्चीतला म्हातारा दचकून जागा होतो.

शहरात हे दाखवलं तर पहिल्या मिनिटाला हसू फुटतं. इथंही फुटलं. पण त्या हसण्यात टिंगल नव्हती, आणि त्याचं कारण कळायला दूर जावं लागत नाही. हा झाडीपट्टीचा, म्हणजे स्वतःची वेगळी रंगभूमी असलेला पूर्व विदर्भातला प्रदेश आहे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्री उभा राहिलेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. इथला खलनायक प्रवेश घेतो तोच मुळी हसत. तो वाईट आहे हे शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसालाही त्याच क्षणी कळायला हवं. रंगवलेल्या पडद्यावरचं जंगल वाऱ्यानं हललं तर कुणी तक्रार करत नाही. करुण प्रसंगानंतर लावणी आली तरी कुणी उठून जात नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

या प्रेक्षकाला किल्विष परका वाटेलच कसा? तो ओळखीचाच निघाला. खरं सांगायचं तर सुरेंद्र पाल ज्या आवाजात बोलतात, तो आवाज माइकशिवाय मंडपाच्या टोकापर्यंत जाईल. शक्तिमानला ‘परदेशी सुपरहिरोची स्वस्त नक्कल’ म्हणणाऱ्यांनी हा धागा पाहिलाच नाही. त्याच्या अंगात शक्ती येते ती कुंडलिनी जागवून, पंचमहाभूतांतून, सूर्यांशी ऋषींच्या कृपेनं. प्रयोगशाळेतल्या अपघाताची गोष्ट इथल्या आजीला समजावून सांगावी लागली असती. तपश्चर्येची गोष्ट तिला आधीच ठाऊक होती. अभिनयही त्याच थाटाचा, सगळं मोठ्यानं, सगळं तोंडावर.

काही गोष्टी मात्र आज खरोखर पाहवत नाहीत. प्रत्येक भागाच्या शेवटी शक्तिमान ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ सांगायचा. दात घासा, खोटं बोलू नका, कचरा टाकू नका. चूक केलेल्या मुलानं ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायचं. तेव्हा शाळेतल्या गुरुजींना हे फार आवडायचं, आणि गुरुजींना जे फार आवडतं त्यात मुलांचं मन किती रमतं हे वेगळं सांगायला नको. उपदेश सुरू झाला की पोरं उठून पळायची, असं आम्हाला सगळ्यांनीच सांगितलं. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्याही त्या काळात आल्या, त्यावरून मोठा वाद झाला आणि खन्नांना नक्कल न करण्याबद्दल मुलांशी बोलावं लागलं. या गावात कुणाला गंभीर दुखापत झाली नाही. तणसाच्या ढिगावरून उड्या मारलेले मात्र पुष्कळ निघाले.

दृश्य – पडद्यावर गंगाधर. प्रेक्षकांत खसखस.

निवेदन –
आणि मग येतो तो. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. दात पुढे, डोळ्यांवर चष्मा, तोंडात अतिशुद्ध हिंदी. ‘आज की आवाज’ या वृत्तपत्राचा फोटोग्राफर, म्हणजे वेश पालटलेला शक्तिमानच. त्याला सगळे हसतात, आणि त्याच वृत्तपत्रातली पत्रकार गीता विश्वास त्याच्याकडे पाहून कपाळाला हात लावते.

उडणं-बिडणं बाजूला ठेवलं तर या मालिकेत आज टिकून आहे तो हा माणूस, असं आमचं मत. शक्तिमान म्हणून खन्ना ताठ उभे राहतात आणि हात पुढे करतात. गंगाधर म्हणून मात्र ते खेळतात, अडखळतात, चेहरा वेडावाकडा करतात. भीष्माची भूमिका केलेला नट असा गबाळा व्हायला तयार झाला, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नव्हतं. पडद्यासमोरची पोरंही शक्तिमानच्या वेळी मोबाइल काढत होती आणि गंगाधर आला की मोबाइल खाली ठेवत होती.

२०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं मालिका पुन्हा दाखवली. तेव्हा पुण्या-नागपुरातून परतलेली, कधीकाळी छपरावर अँटिना फिरवणारी पोरं आपल्या लेकरांना घेऊन टीव्हीपुढे बसली. २०२२ साली सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर चित्रपटांची घोषणाही केली. त्यात पैसा असेल, कड दिसणार नाही. किल्विष तेवढा मोठ्यानं हसेल का, हाच आम्हाला प्रश्न.

दृश्य – पडद्यावर शक्तिमान गरगर फिरतोय. पुढच्या रांगेतला एक मुलगा मागे वळतो.

मुलगा – मामा, हा एवढा फिरते, याले चक्कर नाही येत का?

मामा – त्याले नाही येत बे. आमाले येत होती.