तुसावरचं रक्त

[दृश्य: त्र्यंबकेश्वर तालुका, श्रावणातली सकाळ. डोंगर ढगात. शेडच्या जाळीवर बारदानाचे पडदे.]

इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पाऊस लागला की चार-चार दिवस उघडीप नसते. कोंबडीच्या पिल्लांना गारठा लागू नये म्हणून पडदे खाली सोडतात, हवा कोंडते आणि खाली अंथरलेलं तूस दमट होतं. शेडमध्ये ३ ते ६ आठवड्यांची पिल्लं असतील, तर रक्ती हगवणीचा धोका याच दिवसांत सगळ्यात जास्त. पोल्ट्रीवाले तिला कॉक्सी म्हणतात.

[दृश्य: पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं, काळपट तूस.]

रोगाचं मूळ इथे आहे, भांड्याभोवतीच्या या ओल्या कड्यात. आयमेरिया नावाच्या परजीवीचे अंड्यासारखे कोष विष्ठेतून तुसात पडतात. ताजा कोष निरुपद्रवी असतो. ओल, हवा आणि २५ ते ३० अंशांची ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तो पिकतो. पिल्लू तूस टोचतं, कोष पोटात जातो. आतड्याच्या अस्तरात शिरून तो पेशी फोडत वाढतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसतं. म्हणजे आज रक्त दिसलं, तर पिल्लानं कोष गिळून चार-पाच दिवस झाले. शेजारच्या पिल्लांनीही तेच तूस टोचलंय. म्हणून औषध सगळ्या बॅचला द्यायचं, फक्त पेंगणाऱ्या चार पिल्लांना नाही.

रक्ताची वाट पाहू नका. आदल्या दिवशीच खाद्य भांड्यात उरू लागतं. पिल्लं पिसं फुलवून, पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा होतात. तुरा आणि पाय फिके पडतात. मात्र चॉकलेटी, चिकट विष्ठा अधूनमधून दिसली तर घाबरू नये. ती आंधळ्या आतड्यातली नेहमीची विष्ठा असते.

प्रत्येक हगवण कॉक्सी नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गुदाला पांढरी, चुन्यासारखी विष्ठा चिकटून पिल्लं मरत असतील, तर साल्मोनेला जिवाणूचा संशय घ्यावा. तो अंड्यातूनही येतो, आणि वाचलेली कोंबडीही रोग बाळगून राहते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पांढरी, पाण्यासारखी हगवण आणि एकदम मर लागली, तर गंबोरो हा विषाणूचा रोग असू शकतो. त्यावर औषध नाही, लसच.

[दृश्य: हातमोजे घातलेले हात. ट्रेमध्ये मेलेलं पिल्लू.]

खात्री करायची तर पिल्लू मेल्यावर दोन-तीन तासांत उघडावं. उशीर झाला की आतडं कुजतं आणि काहीच कळत नाही. आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्या फुगून रक्तानं भरल्या असतील, तर ही कॉक्सीच. मधलं आतडं फुगलेलं आणि बाहेरून पांढरे-लाल ठिपके, तर तिचाच दुसरा प्रकार. स्वतः उघडायचं धाडस नसेल, तर ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं.

[दृश्य: लहान वजनकाटा, पावडर, पाण्याची बादली.]

औषध पाण्यातूनच द्यावं, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं, पण पाणी पीत राहतं. २० टक्के ॲम्प्रोलियमची पावडर, रक्त दिसत असेल तर लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस. पुढे एक-दोन आठवडे लिटरला ०.३ ग्रॅम. समजा १०० पिल्लं दिवसाला ८ लिटर पाणी पितात, तर पावडर साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. काट्यावर मोजा, चमच्यानं नको. द्रावण रोज ताजं करा आणि दुसरं साधं पाणी शेडमधून काढून घ्या.

नेमकी चूक इथे होते. पिल्लं मलूल दिसली की लोक बी-कॉम्प्लेक्सही त्याच पाण्यात टाकतात. ॲम्प्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाच्या तोंडवळ्याचं औषध. परजीवी बी-१ समजून ते घेतो आणि उपाशी मरतो. आपणच वरून बी-१ ओतलं, तर औषध वाया जातं. पाच दिवस जीवनसत्त्व के द्यावं, त्यानं रक्तस्राव आटोक्यात यायला मदत होते. बी-कॉम्प्लेक्स औषधाचा कोर्स पूर्ण झाल्यावरच.

ॲम्प्रोलियमनं फरक नाही पडला, तर डॉक्टरांना विचारून २.५ टक्के टोल्ट्राझुरिल, लिटरला १ मिली, दोन दिवस. अंड्यावरच्या कोंबड्यांना ते देऊ नये.

[दृश्य: फावड्यानं तूस खालीवर होतंय.]

तूस ओलंच राहिलं, तर औषध संपताच पिल्लं पुन्हा पेंगू लागतात. भांड्याभोवतीचं गोळा झालेलं तूस रोज काढा, कोरडं टाका. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे पाणी सांडत नाही. बाकीचं तूस दिवसातून एकदा खालीवर करा. दुपारी पाऊस थांबला की वरचा पडदा हातभर उघडा, थंडी वाटली तर बल्ब वाढवा.

बॅच गेल्यावर सगळं तूस काढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावं. फिनाईलनं कोष मरत नाही, त्याचं कवच टणक असतं. फरशी धुऊन पूर्ण वाळवावी, मग फ्लेम गननं कोपरे आणि भिंतीचा तळ भाजून घ्यावा.