मैदानाबाहेरचा संघ: टेक्सस ए अँड एम आणि बारावा खेळाडू

मंडळी, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे, एवढं सांगून पुढे जातो. अंडाकृती चेंडू असतो, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू असतात आणि चेंडू घेऊन समोरच्याच्या हद्दीत घुसायचं असतं. बाकीचे नियम आज लागणार नाहीत, कारण मला बोलायचं आहे ते मैदानात न उतरणाऱ्यांबद्दल.

टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशन या गावातलं टेक्सस ए अँड एम विद्यापीठ तुमच्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. आपल्याकडची पुष्कळ मुलं तिथे एमएस करायला जातात. १८७६ साली ते सुरू झालं शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज म्हणून. फक्त मुलग्यांसाठी, आणि लष्करी शिस्तीत. शेतकी कॉलेजची पोरं म्हणून त्यांना ‘ॲगी’ म्हणायला लागले आणि ते नाव त्यांनी अभिमानानं मिरवलं. मुलींना प्रवेश मिळाला १९६३ मध्ये, आणि कॅडेट दलाची सक्ती गेली १९६५ मध्ये. तरी मैदानाभोवतीचं वागणं आजही बराकीतलंच आहे. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

२ जानेवारी १९२२. डॅलसमध्ये ए अँड एमचा सामना होता केंटकीच्या सेंटर कॉलेजशी. हे सेंटर म्हणजे काही लिंबूटिंबू नव्हतं; दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी हार्वर्डला हरवलं होतं. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी व्हायला लागले. प्रशिक्षक डाना बायबल यांना राखीव गडी पुरेनात. ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी त्या दिवशी वर पत्रकारांच्या कक्षात बसून कोणता खेळाडू कोण हे त्यांना सांगत होता. मोसम संपल्यावर फुटबॉल सोडून तो बास्केटबॉलकडे वळला होता. बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. प्रेक्षागृहाखाली जाऊन त्यानं एका जखमी सोबत्याचा पोशाख अंगावर चढवला आणि सामना संपेपर्यंत कडेला उभा राहिला. ए अँड एमनं सामना २२-१४ असा जिंकला. गिलला मैदानात उतरावंच लागलं नाही.

घडलं ते एवढंच. अकरांच्या बाहेर तयार उभा राहिलेला हा गिल म्हणजे त्यांचा ‘बारावा खेळाडू’. पण एखाद्या विद्यापीठानं आपली सगळी ओळख एका न खेळलेल्या मुलावर उभी करावी, हे मला विलक्षण वाटतं. आज काइल फील्ड या त्यांच्या स्टेडियममध्ये १,०२,७३३ माणसं मावतात, आणि विद्यार्थ्यांचा विभाग अख्खा सामना उभ्यानं पाहतो. बोलावणं आलं तर आम्ही तयार आहोत, हा त्याचा अर्थ. १९८३ मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी तर हे बोलावणं खरंच पाठवलं. शिष्यवृत्ती नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांमधून त्यांनी किक-ऑफसाठी, म्हणजे चेंडू लाथेनं उडवून खेळ सुरू करण्यासाठी, एक तुकडी निवडली. पुढे ती एका खेळाडूपुरती उरली. १२ क्रमांकाची जर्सी आजही अशाच विद्यार्थ्याला मिळते.

घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री, बरोबर बारा वाजता, हजारो लोक स्टेडियममध्ये जमतात आणि आरोळ्यांची तालीम करतात. चिअरलीडर मुलींचा ताफा तिथे नाही. विद्यार्थ्यांनी मतदानानं निवडलेले पाच ‘येल लीडर’, म्हणजे आरोळ्यांचे म्होरके, असतात, ते हातांनी खुणा करतात, आणि ती खूण रांगेरांगेनं वरपर्यंत पोचवली जाते. प्रतिस्पर्ध्याची हुर्यो उडवायची नाही, असा संकेत आहे. रेव्हेली ही विद्यापीठाची मानाची कुत्री; एक गेली की दुसरीला तेच नाव मिळतं. ती कॅडेट दलात सर्वांत वरच्या हुद्द्याची मानली जाते. पहिली रेव्हेली १९३१ ची. ती आणि त्यानंतर गेलेल्या रेव्हेली स्टेडियमच्या उत्तरेला पुरलेल्या आहेत. बांधकाम वाढलं आणि तिथून धावफलक दिसेनासा झाला, तेव्हा त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा फलक लावला. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मला त्यात माया दिसते.

आणि हे सगळं कशाच्या जोरावर? विजेतेपदांच्या नक्कीच नाही. शेवटचं राष्ट्रीय अजिंक्यपद १९३९ च्या मोसमातलं. १९५७ मध्ये जॉन डेव्हिड क्रो आणि २०१२ मध्ये जॉनी मँझेल यांना वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला दिला जाणारा हाइझमन करंडक मिळाला, तो व्यक्तिगत मान. संघ पिढ्यान् पिढ्या उमेदीवर जगतो आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाशी यांचं वैर १८९४ पासूनचं. त्या सामन्याआधी ॲगी एक प्रचंड बॉनफायर, म्हणजे आपल्या होळीसारखा ओंडक्यांचा ढीग, पेटवत. विद्यार्थी स्वतः जंगलात जाऊन झाडं तोडत आणि हजारो ओंडके थरावर थर रचत. १९६९ मध्ये हा ढीग १०९ फुटांवर गेला. १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येनंतर रचलेला ढीग न पेटवताच उतरवला गेला, तो अपवाद. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास विद्यार्थी वर काम करत असतानाच ढीग कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी झाले.

चौकशी आयोगाचा अहवाल २००० च्या मे महिन्यात आला. ओंडके ठोकून बसवल्यामुळे आतून बाहेर पडणारा दाब वाढत गेला आणि बाहेरून आवळून धरणारी बांधणी तो पेलू शकली नाही. रचनेचा लेखी आराखडाच नव्हता. एका तुकडीनं दुसरीला दाखवायचं, दुसरीनं तिसरीला. अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या विद्यापीठात! आपल्याकडे २०१४ मध्ये दहीहंडीच्या थरांच्या उंचीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा मला हाच अहवाल आठवत होता. मुलांचं प्रेम खोटं नव्हतं. त्या प्रेमावर देखरेख ठेवणं हे मोठ्यांचं काम होतं, आणि ते वर्षानुवर्षं झालं नाही.

ढीग कोसळल्यावर आठच दिवसांनी, २६ नोव्हेंबर १९९९ ला, ठरलेला सामना काइल फील्डवर झाला. मध्यंतरात टेक्ससच्या वाद्यवृंदानं शोकधून वाजवली आणि टोप्या उतरवल्या. शंभर वर्षांचे वैरी हे. ए अँड एम २०-१६ नं जिंकलं. पुढे २००१ च्या सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर अकराव्या दिवशी, याच स्टेडियमचे तीन मजले लाल, पांढऱ्या आणि निळ्या टी-शर्टांनी भरले. योजना विद्यार्थ्यांची, आणि त्यातून जमलेला पैसा मदतीला गेला.

अलीकडे यात पैसा फार शिरला आहे, याचं मला दुःख आहे. ‘बारावा खेळाडू’ हे नाव विद्यापीठानं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं आणि २००६ मध्ये त्यासाठी सिॲटल सीहॉक्स या व्यावसायिक संघावर दावा लावला. तडजोडीनंतर सीहॉक्स ते नाव परवान्यानं वापरू लागले. २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढताना विद्यापीठावर साडेसात कोटी डॉलरच्या आसपासचं देणं आलं. शिष्यवृत्तीशिवाय १२ क्रमांक घालणारा मुलगा त्याच मैदानावर उभा असतो.

२०११ नंतर टेक्ससशी सामनाही बंद पडला होता, कारण ए अँड एम विद्यापीठांच्या संघांच्या दुसऱ्या संघटनेत गेलं. टेक्ससही तिथे आल्यावर ३० नोव्हेंबर २०२४ रोजी काइल फील्डवर लाखावर लोकांसमोर दोघं पुन्हा भिडले. टेक्सस १७-७ नं जिंकलं. त्या सामन्याच्या निमित्तानं बॉनफायर विद्यापीठाच्या आवारात परत आणावी, असा प्रस्ताव पुढे आला होता. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क वेल्श यांनी २०२४ च्या जूनमध्ये तो नाकारला. माजी विद्यार्थ्यांतले बरेच जण नाराज झाले. मी त्या निर्णयाच्या पूर्ण बाजूनं आहे.