तुटीच्या कायद्यात बेकारीला जागा हवी

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

दर वर्षी डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन आपल्या शहरात भरते, पुरवणी मागण्या सभागृहात मांडल्या जातात आणि एवढा पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न त्या आठवड्यात सर्वांच्या तोंडी असतो. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण याच नागपुरात राज्याच्या रोजगार हमी योजनेचे आयुक्तालयही आहे. गावोगावचे मजूर काम मागताना जो नमुना 4 भरून देतात, त्याचा राज्यभराचा हिशेब या कार्यालयापर्यंत पोहोचतो. राज्याने किती कर्ज काढावे हे ठरवणारे नियम आणि किती हात काम मागत आहेत हे सांगणारा आकडा, या दोहोंना जोडणारी एक ओळही आपल्या कायद्यात नाही. आज मला त्या नसलेल्या ओळीविषयी बोलायचे आहे.

तुटीवर मर्यादा घालणारा कायदा कोणा कठोर मनाच्या माणसाने केला, असे मी म्हणणार नाही. 1990-91 मध्ये केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे मिळकतीपेक्षा जास्त झालेला आणि कर्ज काढून भागवावा लागणारा खर्च, राष्ट्रीय उत्पन्नाच्या 7.8 टक्क्यांपर्यंत गेली होती आणि त्याच सुमारास परकीय चलनाचे संकटही कोसळले. तोवर सरकारला पैसा कमी पडला की रिझर्व्ह बँकेकडून तदर्थ हुंड्यांवर, म्हणजे ऐनवेळी काढलेल्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांवर, तो उचलता येत असे; ही सोय 1997 मध्ये बंद झाली. पुढे 2003 मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आला, तूट तीन टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठरले आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये स्वतःचा तसाच कायदा केला. तीन हा आकडा मात्र कोणत्याही सिद्धांतातून निघालेला नाही. 1981 मध्ये फ्रान्सच्या अर्थखात्यात तो एक सोयीची मर्यादा म्हणून पुढे आला, 1992 च्या मास्ट्रिख्ट करारात युरोपने तो स्वीकारला आणि तेथून तो जगभर रूढ झाला. मर्यादा असावी हे मला मान्य आहे. सुकाळात आणि दुष्काळात ती एकच असावी, हे मान्य नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण घरापुरती खरी आहे. आपण काटकसर केली तर आपली मिळकत घटत नाही. पण हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांनी एक पाळी बंद केली, तर त्या मजुराने न केलेली खरेदी म्हणजे किराणा दुकानदाराची घटलेली विक्री असते, आणि दुकानदाराने न मागवलेला माल म्हणजे दुसऱ्या एखाद्या कारखान्याची बंद पडणारी पाळी असते. अशा वेळी सरकारचा कर बुडतो, तूट आपोआप वाढते, आणि नियम पाळण्यासाठी सरकारनेही खर्च आखडला तर ही साखळी आणखी खाली जाते. 1936 मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने मांडलेल्या विचाराचा गाभा हाच होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्याचा अनुभव घेतला. सावरत असलेल्या अर्थव्यवस्थेत अंदाजपत्रक जुळवण्यासाठी खर्च कमी केला गेला, पतही आवळली गेली आणि बेकारी पुन्हा उसळली.

आपल्या केंद्रीय कायद्याला ही गोष्ट अजिबात कळत नाही, असे नाही. 2018 च्या दुरुस्तीने त्याच्या कलम 4 मध्ये मर्यादा ओलांडण्याची कारणे घातली: राष्ट्रीय सुरक्षा, युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेतीची पडझड, अनपेक्षित आर्थिक भार टाकणाऱ्या संरचनात्मक सुधारणा, आणि एखाद्या तिमाहीचा वाढदर आधीच्या चार तिमाह्यांच्या सरासरीपेक्षा किमान तीन टक्के-बिंदूंनी घसरणे. सवलत किती, तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या फक्त अर्धा टक्का. ही यादी मी अनेकदा वाचली आहे. तिच्यात बेकारी हा शब्द नाही.

या कलमाचा वापर कसा झाला तेही पाहू. फेब्रुवारी 2020 च्या अंदाजपत्रकात ही अर्ध्या टक्क्याची सवलत संरचनात्मक सुधारणांच्या कारणाखाली घेतली गेली. आधीच्या सप्टेंबरात कंपनी कर 22 टक्क्यांवर आणला गेला होता. त्याआधी 2017-18 च्या श्रमबल सर्वेक्षणात बेकारीचा दर 6.1 टक्के निघाला होता, पण त्या आकड्यासाठी कायद्यात दारच नव्हते. मग टाळेबंदी आली, एप्रिल ते जून 2020 मध्ये उत्पादन जवळजवळ 24 टक्क्यांनी घसरले आणि त्या वर्षीची तूट नऊ टक्क्यांच्या पुढे गेली. ती जाणे आवश्यकच होते. पण खऱ्या संकटात कायदा बाजूला ठेवावा लागला, याचा अर्थ तो संकटासाठी लिहिलेलाच नव्हता. राज्यांची कर्जमर्यादा त्या वर्षी तीनवरून पाच टक्क्यांवर नेली गेली, तीही काही भागापुरती अटी घालून. कारण केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला राज्यघटनेच्या कलम 293 नुसार कर्जासाठी केंद्राची संमती लागते.

त्या वर्षी गावे तगली ती मुख्यतः रोजगार हमीवर. 61,500 कोटींची तरतूद असलेल्या केंद्राच्या योजनेवर सुमारे 1 लाख 11 हजार कोटी रुपये खर्च झाले, कारण तेव्हा तिचे स्वरूप मागेल त्याला काम असे होते. ही कल्पना आपल्या मातीतली आहे. 1972 च्या दुष्काळात पाझर तलाव, नाला बांध आणि खडी फोडण्याच्या कामांवर लाखो माणसे होती. मे 1973 मध्ये ती संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिंतनातून हमीची योजना उभी राहिली आणि 1977 च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. तिच्या पैशाची सोयही विचारपूर्वक केलेली होती. आपल्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर 1975 मध्ये मुख्यतः या हमीसाठी बसवला गेला आणि त्यात राज्याने आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालायची असे ठरले. नोकरी असलेल्याने नोकरी नसलेल्यासाठी दिलेला तो वाटा होता. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि पगारपत्रकातली ती ओळ वाचताना हा इतिहास आपल्यापैकी थोड्यांनाच आठवतो याचे दुःखही होते.

म्हणूनच डिसेंबर 2025 मध्ये संसदेने जो नवा ग्रामीण रोजगार कायदा केला, त्याची मला चिंता वाटते. त्यात दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्याला आता खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचा आहे, केंद्राचे वाटप राज्यवार आधी ठरणार आहे आणि त्यापलीकडचा खर्च राज्याचा आहे. वाईट वर्षात मागणी वाढेल, राज्याचा महसूल घटलेला असेल आणि कर्जाची मर्यादा तीन टक्क्यांवरच थांबलेली असेल. दुष्काळात आपोआप रुंद होणारी वाट आता नेमकी दुष्काळातच अरुंद होईल.

यावर मला सुचणारा उपाय असा. कलम 4 मध्ये रोजगार हे स्वतंत्र कारण घालावे, आणि राज्यांच्या कर्जमर्यादेत तेच कारण विनाअट लागू करावे. निकष म्हणून केवळ बेकारीचा दर पुरणार नाही. श्रमबल सर्वेक्षण एप्रिल 2025 पासून दरमहा होऊ लागले, ही मोठी सोय झाली. पण आपल्याकडे गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो शंभर रुपयांचे काम पन्नासात करतो आणि पाहणीत रोजगारात गणला जातो. म्हणून त्या दराच्या जोडीला काम मागणाऱ्या कुटुंबांची संख्या धरावी, आणि ती आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडावी, कारण विदर्भात कापूस वेचणीत मागणी उतरते आणि उन्हाळ्यात चढते.

अशी सवलत मिळाल्यावर सरकारे ती सोडत नाहीत, हा आक्षेप मी हलका मानत नाही. 2008 च्या जागतिक मंदीनंतर केंद्राची तूट अडीच टक्क्यांच्या आसपासवरून 2009-10 पर्यंत साडेसहाच्या घरात गेली, तो हात वेळेवर आखडला गेला नाही, आणि त्याच सुमारास आलेल्या दोन अंकी महागाईत, 2009 च्या अपुऱ्या पावसाइतकाच नसला तरी, त्याचा वाटा होता. त्यामुळे परतीची अटही त्याच कलमात लिहिलेली असावी: कामाची मागणी सलग काही महिने नेहमीच्या पातळीवर आली की वाढीव मर्यादा आपोआप संपेल आणि ती चालू ठेवायची असेल तर सरकारला सभागृहासमोर नव्याने कारण द्यावे लागेल. महाराष्ट्रापुरते हे कारण देण्याचे ठिकाण बहुधा नागपूरच असेल, कारण पुरवणी मागण्या येथे येतात आणि नमुना 4 चा हिशेबही येथेच असतो.