ओलीच्या मागावर

(दृश्य: खोलीचा कोपरा. भिंतीवर तपकिरी कडांचा डाग. डागाभोवती पेन्सिलची रेघ, रेघेशेजारी तारीख.)

हा डाग आमच्या घरातला. यावर मी तीनदा रंग दिलाय. पहिल्यांदा नुसता रंग. दुसऱ्यांदा खरवडून, पुट्टी भरून रंग. तिसऱ्यांदा ‘हा लावा, ओल पुन्हा दिसणार नाही’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेला महागडा जलरोधक रंग. तोच सगळ्यांत जास्त टिकला, पाच महिने. मग अख्खा पापुद्रा फुग्यासारखा फुगून आला आणि बोट लावलं तर आतून पाणी ओघळलं.

तेवढ्या पैशांत काय काय झालं असतं, याचा हिशेब मी करत नाही.

घराचं काम कमी खर्चात करायचं म्हटलं की आपण स्वस्त सामान शोधायला लागतो, स्वस्त कारागीर शोधतो. पण पैसा बुडतो तो चुकीच्या जागी केलेल्या चांगल्या कामात. माझा तिसरा रंग उत्तम होता, रंगाऱ्याचा हातही उत्तम होता. पाणी मात्र भिंतीच्या पलीकडून येत होतं.

(दृश्य: हात पेन्सिलने डागाची कड आखतो.)

म्हणून चौथ्या वेळी ब्रश बाजूला ठेवला आणि पेन्सिल घेतली. डागाच्या कडेने रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची आणि दोन आठवडे गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड जातं, कारण घरातला प्रत्येक जण येता-जाता विचारतो, ‘अजून काहीच केलं नाहीस?’

रेघ बरंच काही सांगते. डाग पावसानंतर वाढला, तर गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीतली भेग तपासायची. बाथरूम वापरल्यावर वाढला आणि एरवी थांबला, तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. दिवसरात्र सारखाच ओला राहिला, तर दाबाखालचा, म्हणजे पाणी पुरवणारा पाइप कुठेतरी फुटलाय. ओल जमिनीपासून वर चढत साधारण मीटरभर उंचीवर थांबली असेल, तर ती घराच्या पायातून येते आहे; भिंत वातीसारखं पाणी वर ओढते.

(दृश्य: भिंतीवर अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा चौकोन, चारही बाजूंनी चिकटपट्टी.)

आणखी एक शक्यता असते, ती बहुतेकांना सुचतच नाही. पाणी भिंतीतून येतच नसतं. खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागते आणि तिथे तिचं पाणी होतं. हे ओळखायला अॅल्युमिनियमच्या कागदाचा वीतभर तुकडा भिंतीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने नीट बंद करा आणि एक-दोन दिवस हात लावू नका. काढताना कागदाची मागची, भिंतीकडची बाजू ओली निघाली तर ओल भिंतीच्या आत आहे. खोलीकडची बाजू ओली असेल तर दोष हवेचा. मग गवंडी बोलवायचं कारणच नाही. भिंतीला चिकटवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा, खोलीत ओले कपडे वाळत घालणं बंद करा, खिडकी उघडा. कपाटामागच्या काळ्या बुरशीवर यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आमचा कागद मागून ओला निघाला.

(दृश्य: पाण्याचा मीटर. काटा स्थिर.)

पुढचा प्रश्न, कुठला पाइप? घरातले सगळे नळ बंद केले, मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि तासभर कुणालाही पाण्याला हात लावू दिला नाही. आकडा हलला नाही, म्हणजे दाबाखालचा पाइप शाबूत. मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून हेच करता येतं.

मीटर बघतोच आहोत तर फ्लशची टाकीही बघून घ्या. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकायचे आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला, तर टाकीतली झडप गळते आहे. ती गळती आवाज करत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालते. नळाची टपटप निदान ऐकू तरी येते. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे 86,400 थेंब होतात. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर 21 लिटरहून जास्त. जुन्या फिरकीच्या नळात यामागे बहुतेक वेळा एक झिजलेला वायसर असतो. मुख्य कॉक बंद करा, पान्याने नळाचं डोकं उघडा, वायसर बदला. कॉक बंद करायचं विसरलात तर काय होतं, ते मी एकदा पाहिलंय. छतापर्यंत पाहिलंय.

(दृश्य: बाथरूमची फरशी, तुंबवलेलं पाणी, भिंतीवर खूण.)

मग डागाच्या भिंतीपलीकडच्या बाथरूमच्या फरशीची परीक्षा. पाणी जायचं भोक कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद केलं, दोन बोटं पाणी साठवलं, पातळीवर खूण केली आणि ते एक दिवस तसंच ठेवलं. तुमच्या बाथरूमखाली दुसऱ्याचं घर असेल तर त्यांना आधी सांगा, आणि छतावर ओल दिसायला लागताच बोळा काढा. आमची पातळी जवळपास हलली नाही आणि डागही रेघेच्या आतच राहिला. फरशी निर्दोष.

उरली भिंत. शॉवरचं पाणी थेट भिंतीवर अर्धा तास सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या खोलीतला डाग रेघ ओलांडून बोटभर पुढे गेला होता. इतका आनंद मला ओल बघून कधीच झाला नव्हता.

(दृश्य: नळाच्या मुळाशी असलेली चकचकीत चकती मागे सरकते, मागे अंगठ्याएवढी उघडी फट.)

दोष इथे होता. नळ भिंतीतून बाहेर येतो तिथे शोभेची एक चकती असते. बसवणाऱ्याने मागची फट बुजवलीच नव्हती, चकतीने ती झाकली होती. अंघोळीचं पाणी भिंतीवरून ओघळत रोज त्या फटीत जात होतं. शिवाय कोपऱ्यात, दोन भिंतींच्या टाइल भेटतात तिथे, सांध्यातलं सिमेंट केसाएवढं फाटलं होतं.

एका प्लंबरने हे न बघताच सगळ्या टाइल उखडून नव्या बसवायचा अंदाज दिला होता. तो लबाड नव्हता. मीच त्याला ‘ओल आहे, काय करावं लागेल?’ असं विचारलं होतं. हल्ली मी आधी ‘पाणी कुठून येतंय आणि ते तुम्ही कशावरून म्हणता?’ असं विचारतो. अंदाजपत्रकात सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागतो.

शेवटी लागली सिलिकॉनची एक नळी आणि अर्धा दिवस. पण तो अर्धा दिवस येण्याआधी दोन दिवस तिथे अंघोळ बंद होती, कारण सिलिकॉन ओल्या जागेला धरत नाही. जुना चुरा खरवडायचा, साबणाचा थर पुसून काढायचा, जागा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली तर रेघ सरळ येते. सिलिकॉन भरायचं, ओल्या बोटाने एकदाच फिरवायचं आणि ते घट्ट होण्याआधी पट्टी काढायची. नंतर पूर्ण एक दिवस पाणी नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आणि संगमरवराला खातं. तिथे तो वास नसलेलं, ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्यायचं. टाइलच्या मधल्या सांध्यांना ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं सिमेंटचं मिश्रण, चालतं. कोपऱ्यात मात्र दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, म्हणून तिथे कडक ग्राउट पुन्हा फाटतं आणि रबरासारखं सिलिकॉन टिकतं.

(दृश्य: भिंतीवरची भेग. दोन्ही टोकांना आडव्या खुणा, तारखा.)

पेन्सिल भेगांनाही लागू पडते. गिलाव्यावरच्या केसासारख्या वेड्यावाकड्या भेगा बहुधा गिलावा आकसल्याच्या असतात. मिश्रणात सिमेंट जास्त पडलं की त्या हमखास येतात. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती हा घोटाळा बऱ्याच घरांच्या भिंतींवर लिहिलेला दिसेल. त्या भरा आणि विसरा. पण भेगेच्या टोकांवर खूण करून ठेवल्यावर ती खुणेपलीकडे सरकत असेल, दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जात रुंदावत असेल, किंवा छतावर सरळ रेषेत उमटून कडेला गंजाचा तांबूस रंग येत असेल, तर पुट्टीचा डबा बंद करा. आतली सळई गंजते तेव्हा ती फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका.

विजेचंही तसंच. दिवे बदलणं ठीक. 60 वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड साधारण 9 वॅटचा एलईडी देतो. पण एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, सारखा पडतो म्हणून त्या जागी मोठ्या क्षमतेचा बसवणं ही काटकसर नाही. एमसीबी वायरीची राखण करतो. तो मोठा केला की त्याच्याआधी वायर तापते. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा खटका, घरांत सहसा 30 मिलिअॅम्पिअरचा. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा. पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि दार घासतंय म्हणून दमट दिवसांत रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं असतं, कोरड्या हवेत तेच दार सैल होऊन खडखडेल. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. भोक मोठं झालं असेल तर लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या दोन आगकाड्या आत ठोका, वाळू द्या, स्क्रू पुन्हा पिळा. निम्मी दारं तेवढ्यावर सुटतात.

(दृश्य: पुन्हा तोच कोपरा. डाग फिका. भिंतीवर पांढरी पूड.)

गळती थांबून आज तीन आठवडे झाले. भिंतीवर आलेली ही पांढरी पूड म्हणजे क्षार. आतलं पाणी बाहेर येतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. ती धुवायची नाही. धुतली तर विरघळून परत आत जाते. कोरड्या ब्रशने झाडून काढायची, पुन्हा आली तर पुन्हा झाडायची. सुटलेला गिलावा ठोकून बघितला, पोकळ वाजला तेवढाच काढला आणि नवा भरला. त्यावर सात दिवस पाणी मारलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. पाणी लवकर तोडलं तर भिंत भुसभुशीत राहते. आता मात्र ती वाळायलाच हवी. नव्या गिलाव्याला मी किमान चार आठवडे देतो, मग प्रायमर, मग सिमेंटची पुट्टी. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) इथे नको, ओलीत ते मऊ पडतं.

रेघ अजून तशीच आहे. शेजारी चार तारखा आहेत. शेवटची कालची, आणि डाग रेघेपासून तीन बोटं आत. रंगाचा डबा पलंगाखाली आहे, न उघडलेला.