तिकाल: नदी नसलेल्या नगरातला एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशाच्या उत्तरेला पेतेन नावाचा सखल, जंगलाने व्यापलेला प्रांत आहे आणि त्या जंगलात तिकाल हे माया लोकांचे प्राचीन नगर आहे. बहुतेक प्रवासी ते एका दिवसाच्या सहलीत पाहतात. सरोवरातल्या एका बेटावर वसलेल्या फ्लोरेस या लहानशा गावात मुक्काम करायचा, पहाटे व्हॅनने निघायचे, साधारण साठ किलोमीटरचा रस्ता कापून उद्यानाशी पोहोचायचे, गाइडबरोबर पाच-सहा तास पायी हिंडायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे, असा या सहलीचा ठरलेला क्रम असतो. एवढ्या वेळात तिथे काय पाहावे आणि कसे पाहावे, याविषयी आज मी बोलणार आहे. तिकालमध्ये पाहणाऱ्याची मान आपोआप वर, मंदिरांच्या शिखरांकडे जाते. पण हे नगर खऱ्या अर्थाने उमगते ते पायाखालच्या जमिनीचा उतार लक्षात आल्यावर, कारण तिथे नदी नाही, सरोवर नाही, आणि तरीही हजारो माणसांची वस्ती तिथे शतकानुशतके नांदली.

तिकालचे क्षेत्र १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले आणि १९७९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला, तोही सांस्कृतिक आणि नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर. सुमारे ५७६ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात एकट्याने हिंडता येते, वाटाही बऱ्यापैकी आखलेल्या आहेत. तरी परवानाधारक स्थानिक गाइड घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. जंगलात टेकाड आणि गाडलेली इमारत यांतला फरक नवख्या डोळ्याला कळत नाही, आणि तिकालमध्ये तर अजून बहुतांश नगर मातीखालीच आहे. आमच्या गाइडने वाटेत एका झाडाचे पान तोडून, बोटांनी चुरडून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवले. लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र वास त्या एका पानाला होता. ते ऑलस्पाइसचे झाड होते आणि त्याची फळे इथल्या स्वयंपाकात आजही वापरली जातात.

वाटेवर सुरुवातीलाच लागणारा क्यू समूह घाईने ओलांडू नये. माया कालगणनेत ७,२०० दिवसांचा एक कातुन असे, आणि असा एक कालखंड पुरा झाला की तिकालचे राजे समोरासमोर दोन सारखे पिरॅमिड उभारत. क्यू समूह इसवी सन ७७१ मधला आहे. त्यातला पूर्वेचा पिरॅमिड साफ करून डागडुजी केलेला आहे. त्याच्या पुढ्यात नऊ कोऱ्या शिला ओळीने उभ्या आहेत आणि प्रत्येकीसमोर एक गोल वेदी आहे. पश्चिमेचा जोडीदार मात्र मुद्दाम तसाच ठेवलेला आहे. त्याच्या अंगावर झाडे वाढली आहेत, मुळांनी दगड कवटाळले आहेत, आणि समोरचा पिरॅमिड पाहिला नसता तर त्याला कोणीही टेकडीच म्हटले असते. मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले, की त्यानंतर दिवसभर वाटेतल्या प्रत्येक उंचवट्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

पुढे गर्द झाडीत एक सरळसोट, उंच बुंधा दिसतो आणि त्यावर खालपासून वरपर्यंत तिरक्या, एकमेकींना मिळणाऱ्या खाचांची नक्षी असते. जखम भरून येताना सालीच्या कडा फुगलेल्या असतात, इतक्या की खाचेत बोट सहज बसते. हे झाड चिकूचे. डहाणू-घोलवडच्या वाड्यांमुळे आपल्याला जे फळ अगदी घरचे वाटते, त्याचे मूळ स्थान मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या याच पट्ट्यात आहे, आणि इथल्या रानात तो वृक्ष तीस मीटरपर्यंत वाढतो. त्याचा चीक आटवून केलेला चिकल नावाचा पदार्थ च्युइंगगमसाठी वापरला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची कित्येक दशके चिकल गोळा करणारे मजूर हे जंगल तुडवत होते, आणि त्या खाचा त्यांच्या कोयत्यांच्या आहेत. प्राचीन मायांनी या झाडाचा आणखी एक उपयोग केला होता. चिकूचे लाकूड विलक्षण घट्ट असते, म्हणून तिकालच्या मोठ्या मंदिरांच्या दारांवर त्याच्याच जाड तुळया बसवून त्यांवर राजांची चित्रे आणि लेख कोरले गेले. बाराशेहून अधिक वर्षे त्या दमट हवेत टिकल्या. चौथ्या मंदिरातल्या उत्तम कोरीव तुळया १८७७ च्या सुमारास काढून नेल्या गेल्या आणि आज त्या स्वित्झर्लंडमधील बासेलच्या संग्रहालयात आहेत. ज्या दारासाठी त्या कोरल्या होत्या तिथे त्या नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग येतो महाचौक. पूर्वेला सुमारे ४७ मीटर उंचीचे पहिले मंदिर आणि समोर दुसरे. इसवी सन ५६२ मधल्या पराभवानंतर तिकालमध्ये शतकाहून अधिक काळ कालोल्लेख असलेली नवी शिला उभी राहिली नव्हती. ६८२ मध्ये गादीवर आलेल्या हासाव चान काविल या राजाने ६९५ मध्ये कालाकमुल या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावर विजय मिळवला आणि नगराला पुन्हा वैभव आले. पहिल्या मंदिराच्या पोटात त्याचीच समाधी सापडली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पथकाने १९६० च्या दशकात ती उघडली तेव्हा जेड या हिरव्या दगडाचे विपुल अलंकार तिथे होते. या मंदिराच्या पायऱ्या चढायला आता बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

इथे मात्र गाइडला थांबवून पाण्याविषयी विचारावे. आज गवताने झाकलेल्या या चौकाखाली चुन्याच्या गिलाव्याचे एकावर एक थर आहेत, आणि त्या फरशीला हेतुपुरस्सर उतार दिलेला होता. चौकावर, छपरांवर, पायऱ्यांवर पडलेला पाऊस वाहत जाऊन मोठ्या जलाशयांत साठे. इमारतींसाठी चुनखडीचा दगड जिथून काढला त्या खाणीच पुढे जलाशय झाल्या. आपल्याकडे सह्याद्रीच्या गडांवर टाकी खोदताना निघालेला दगड तटबंदीला लावला जाई, तशीच ही दुहेरी सोय होती. नगरातल्या उंच, रुंद वाटा काही ठिकाणी बांधाचेही काम करीत. मध्य अक्रोपोलिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजवाड्याच्या मागे, दक्षिणेच्या बाजूला, खोल उतारावर राजवाडा जलाशय आहे. त्याचा बांध सुमारे ८० मीटर लांब आणि १० मीटर उंच होता असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. आज तिथे झाडीने भरलेली घळ तेवढी दिसते, आणि बहुतेक सहली तिच्या काठावरून न थांबता पुढे जातात.

या जलाशयांच्या तळाच्या गाळाने आणखी काही सांगितले आहे. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कोरियेंताल नावाच्या जलाशयात स्फटिकमय वाळू आणि झिओलाइट हे खनिज सापडले. ते जवळपासचे नव्हते, सुमारे ३० किलोमीटरवरून आणलेले असावे. झिओलाइटमधून पाणी गाळले की सूक्ष्म जंतू आणि काही घातक द्रव्ये अडकून राहतात, आणि आजही पाणी गाळण्यासाठी ते वापरतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या लोकांनी पाणी गाळण्याची यंत्रणा उभी केली होती. पण राजवाड्याजवळच्या जलाशयांची कहाणी वेगळी आहे. तिथल्या गाळात पारा आणि विषारी शेवाळवर्गी जिवाणूंच्या खुणा आढळल्या. भिंती आणि मूर्ती रंगवण्यासाठी वापरलेल्या हिंगुळाच्या लाल रंगात पारा असतो, आणि पावसाबरोबर तो वर्षानुवर्षे पाण्यात उतरत गेला. नगराच्या मध्यभागी, राजघराण्याच्या उंबऱ्याशी असलेले पाणीच असे दूषित होत गेले. त्यात नवव्या शतकात दुष्काळाची वर्षे आली, लढाया होत्याच, राजसत्ताही खिळखिळी झाली. तिकालमधली कालोल्लेख असलेली शेवटची शिला इसवी सन ८६९ ची आहे.

त्यानंतर नगर ओस पडले; माया लोक मात्र नाहीसे झाले नाहीत, आणि हे वारंवार सांगायला हवे. पेतेन इत्सा सरोवराकाठचे इत्सा मायांचे राज्य १६९७ पर्यंत स्पॅनिश सत्तेला दाद न देता टिकून होते. ग्वाटेमालात आजही वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात. तिकालच्या चौकात कधीकधी माया कुटुंबे कोपालचा धूप जाळून, रंगीत मेणबत्त्या लावून पूजा करताना दिसतात. अशा वेळी आवाज खाली आणावा आणि विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये.

चौथे मंदिर सुमारे ६५ मीटर उंच आहे आणि बाजूच्या लाकडी जिन्याने त्यावर जाता येते. वरून क्षितिजापर्यंत जंगलच जंगल आणि त्यातून डोकावणारी दोन-तीन शिखरे दिसतात, खालून हाउलर माकडांची घोगरी गर्जना वर येते. या हिरवाईखाली काय आहे ते विमानातून लेझर किरणांनी केलेल्या पाहणीने उघड केले: उत्तर ग्वाटेमालातील २,१०० चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक प्रदेशात साठ हजारांहून अधिक बांधकामांच्या खुणा असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. घरे, शेताच्या पायऱ्या, कालवे, तटबंद्या आणि नगरांना जोडणारे रस्ते असे सारे त्यात आहे.

सहल ठरवताना लोक कोरडा हंगाम निवडतात, कारण तेव्हा वाटा चांगल्या असतात. ज्यांचे गुडघे धड आहेत आणि ज्यांना चिखलाचे वावडे नाही, त्यांना मी पावसाळाच सुचवेन. पकड चांगली असलेले बूट घालावेत, पिण्याचे पाणी जवळ भरपूर ठेवावे आणि चौथ्या मंदिराचा जिना ओला असेल तर चढण्याआधी गाइडचा सल्ला घ्यावा. राजवाडा जलाशयाच्या काठाशी थांबायचे आहे हे त्याला सकाळीच सांगून ठेवावे. दुपारची जोराची सर कोसळली की चौकातून पाणी कोणत्या बाजूने ओघळते आणि कोणत्या घळीकडे धावते, ते तिथे उभ्या उभ्या पाहता येते.