स्पर्धकांच्या हाती मतपत्रिका

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे अंडाकृती चेंडूच्या त्या खेळात, शंभरावर मोठे संघ आहेत आणि हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम डझनभर सामने येतात. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. मग श्रेष्ठ कोण, हे मतांनी ठरवायची रीत पडली. 1950 पासून असं एक मतदान स्वतः प्रशिक्षकच करतात. प्रत्येकानं पंचवीस संघांची क्रमवारी लावायची, आणि तीत आपलाही संघ बसवायला मोकळीक! 1998 ते 2013 या काळात तर मोठे सामने कुणाला मिळणार, हे ठरवण्यात या मतांचा थेट वाटा होता. त्या सामन्यांमागे लक्षावधी डॉलर असत.

2004 साली कॅलिफोर्निया आणि टेक्सस या विद्यापीठांचे संघ, दोघांच्याही खात्यावर दहा विजय, एक हार. टेक्ससचे प्रशिक्षक मॅक ब्राउन यांनी आपल्या संघाला मतं द्या, असं उघड आवाहन केलं. कॅलिफोर्नियानं शेवटचा सामना 26-16 असा जिंकला, तरी काही प्रशिक्षकांनी त्याला सातव्या, आठव्या जागेवर ढकललं. एकूण गणितात टेक्सस किंचित पुढे सरकला आणि रोझ बोल या मानाच्या सामन्याला गेला. 1959 नंतर कॅलिफोर्नियाला तिथे खेळायला मिळालेलं नव्हतं. त्या पोरांनी मैदानावर आणखी काय करायला हवं होतं? आणि कुणी कुठे मत दिलं, तेही कळायला मार्ग नव्हता, कारण मतदान गुप्त होतं.

ओरड झाली. 2005 पासून हंगामाअखेरच्या मतपत्रिका जाहीर होऊ लागल्या. आता लाजेकाजेस्तव तरी मतं सरळ पडतील, अशी आशा होती. पण मॅथ्यू कॉचेन आणि मॅथ्यू पोटोस्की या संशोधकांनी 2005 ते 2010 च्या याच जाहीर मतपत्रिका संगणकी क्रमवारीशी ताडून पाहिल्या. प्रशिक्षक आपल्या संघाला सरासरी दोन जागांहून अधिक वर चढवत होते, आपल्या गटातल्या, म्हणजे आपल्याच साखळीत खेळणाऱ्या संघांना जवळजवळ एक जागा. आपण हरवलेल्या संघालाही वर ठेवत, म्हणजे आपला विजय मोठा दिसतो. ज्या संघाच्या निवडीतून आपल्या कॉलेजला जास्त पैसे मिळणार, त्याच्याकडेही कल होताच.

सगळ्यांना मी लबाड म्हणणार नाही. शनिवारी सामना, रविवारी मतदान. दुसऱ्यांचे सामने पाहायला सवड कुठली? आपण ज्यांच्याशी झुंजलो, तेच संघ डोळ्यांसमोर राहतात. पण म्हणूनच हे काम त्यांच्याकडे द्यायला नको होतं.

2006 मध्ये ओहायो स्टेट संघाचे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी मला पटणारी गोष्ट केली. आपल्या संघासमोर अंतिम सामन्यात मिशिगन येणार की फ्लोरिडा, हे ठरायचं होतं. त्यांनी मतच दिलं नाही. फ्लोरिडा आला आणि त्यानं ओहायोला 41-14 असं हरवलं. 2014 पासून मोठ्या सामन्यांचे संघ ठरवायला निवड समिती आली. तिच्यात एखाद्या सदस्याच्या कॉलेजचा विषय निघाला की त्यानं खोलीबाहेर जायचं, असा नियमच आहे. प्रशिक्षकांची क्रमवारी अजूनही निघते, पण तिच्यावर आता कुणाची निवड अवलंबून नाही.